सारवण, वाकळ आणि परसबाग : परभणीच्या घराविषयी दोन मते

परभणी जिल्ह्यातले जुने घर बांधायला आणि सजवायला लागणारे जवळजवळ सगळे सामान गावच्या शिवारातच मिळत असे. भिंतींना दगड आणि माती, खांब-तुळयांना लिंब-बाभळीचे लाकूड, कुडाला तुऱ्हाट्या नि पऱ्हाट्या, दोराला अंबाडीचा वाख, अंथरूण-पांघरुणाला जुनी लुगडी आणि धोतरे. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यातली काळी माती पिकाला उत्तम, पण घराला वाईट. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. म्हणून घराची माती वेगळी असे. गढीच्या किंवा जुन्या गावठाणाच्या उंचवट्यावरची पांढरी माती बैलगाडीने आणून माळवदावर, म्हणजे सपाट मातीच्या छतावर, पसरत, कारण तिच्यातून पाणी सहजी झिरपत नाही. काळीत पीक आणि पांढरीत घर, ही या भागातली जुनी वाटणी.

सजावट म्हणून वेगळे काढून दाखवावे असे या घरात फारसे काही नव्हते. चुलीला पोतारा, कोनाड्याला गेरूची किनार, देवळीत दिवा, उंबऱ्यापुढे रांगोळी, बाजेवर वाकळ म्हणजे गोधडी, तुळईला टांगलेले शिंके. सगळ्या रोजच्या कामाच्या गोष्टी. भिंत रचणे आणि लाकूड घडवणे गवंडी-सुतारांकडे होते, बाकी सगळे बायकांकडे.

या कामांचा विषय निघाला की आज एकाच घरात दोन मते ऐकू येतात. एक मत या कला जपाव्यात असे सांगणाऱ्या शिकलेल्या तरुणींचे, दुसरे ते काम ज्यांच्या हातून वर्षानुवर्षे झाले त्यांचे. पुढच्या संवादातल्या दोघी या मतांच्या प्रतिनिधी आहेत. पुतणी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात शिकलेली. सामुदायिक विज्ञान म्हणजे पूर्वीचे गृहविज्ञान. काकू जिंतूर तालुक्यातल्या खेड्यात माळवदाच्या घरात नांदलेल्या, आता परभणी शहरात स्लॅबच्या घरात राहणाऱ्या. वाद अर्थातच उन्हाळ्यापासून सुरू होतो.

पुतणी : काकू, मे महिन्यात इथं पारा ४२-४३ अंशांवर जातो. दुपारी पंखासुद्धा गरम वारं फेकतो. गावाकडच्या घरात अशी तगमग होत नव्हती ना?

काकू : नव्हती. दोन-अडीच हात रुंद भिंती होत्या. ऊन आत शिरेपर्यंत दिवस मावळायचा. पण ते माळवद दरसाल मिरगाच्या आधी चोपावं लागायचं, ते कोणी सांगत नाही. माती आणा, चाळा, पसरा, चोपा. एवढं करूनही आषाढात एखाद्या रात्री गळतीखाली पातेली मांडून बसायचं.

काकूंचा भिंतींचा मुद्दा भौतिकशास्त्राला धरून आहे. जाड दगड-मातीची भिंत उष्णता शोषून घेते आणि ती आत पोचायला कित्येक तास लावते. तोवर बाहेरची हवा निवलेली असते. हिवाळ्यात हाच गुण उलटा उपयोगी पडतो. परभणीत थंडीही कडक असते, आणि जाड भिंत दिवसाचे ऊन रात्रीसाठी राखून ठेवते. पत्र्याच्या खोलीत यातले काहीच होत नाही.

पुतणी : म्हणजे ते घर शहाणपणाचंच होतं.

काकू : किल्लारीनंतर तसं म्हणवत नाही, बाई. त्या पहाटे आपलीसुद्धा भांडी वाजली होती. पुढं कितीतरी दिवस लोक अंगणातच झोपायचे. ज्या छपरानं गारवा दिला, तेच छप्पर माणसांच्या अंगावर आलं.

या मुद्द्याला बगल देऊन मराठवाड्यातल्या मातीच्या घरांविषयी बोलता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या किल्लारीच्या भूकंपात सुमारे १० हजार माणसे गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. एवढा संहार झाला तो मुख्यतः बांधकामामुळे. चिखलात रचलेल्या रुंद दगडी भिंतींना दोन्ही अंगांना बांधणारे जोडदगड नव्हते, आणि वर माळवदाचे प्रचंड ओझे होते. गळती थांबावी म्हणून दरवर्षी नवी माती टाकत गेल्याने ते ओझे पिढ्यानुपिढ्या वाढले होते. मात्र जिथे माळवद भिंतीवर न टेकवता लाकडी खांबांवर उभे होते, तिथे भिंती ढासळूनही छप्पर जागेवर राहिल्याची उदाहरणे याच भूकंपात दिसली. तेव्हा दोष मातीचा कमी, छपराच्या वजनाचा आणि भिंतीच्या रचणीचा जास्त. तरीही ज्यांनी ती पहाट पाहिली त्यांनी सिमेंटचे घर मागितले, तर त्यांना परंपरा समजावून सांगायला जाणे अन्यायाचे आहे.

पुतणी : माळवद सोडा. सारवणाचं काय? शेणानं सारवलेली जमीन पायाला गार लागते, धूळ उडत नाही, दिसायलाही किती छान.

काकू : दिसायला छान, खरं आहे. पण सारवलंयस का कधी? ताजं शेण, पाणी, मूठभर माती, हातानं कालवायचं. मग उकिडवं बसून, पोतेऱ्यानं नाहीतर हातानं, एकेक कवळ घेत मागं सरकत जायचं. हाताची कमान सारखी उमटली पाहिजे, नाहीतर सासू बोलायची. तीन खोल्या, ओसरी, अंगण. चार दिवसांनी पुन्हा तेच. सण आला की भिंतीसुद्धा. माझे गुडघे त्यातच गेले.

पुतणी : शेणानं जंतू मरतात म्हणतात.

काकू : म्हणणारे म्हणतात. बाळंतिणीच्या खोलीत सारवू नका, असं आमच्या गावात नर्सबाई ओरडून ओरडून सांगायच्या.

नर्सबाईंचे बरोबर होते. धनुर्वाताचे बीजाणू जनावरांच्या शेणात आणि मातीत असतात, आणि नवजात बाळाची ओली नाळ त्यांना आत शिरायला पुरेशी असते. लसीकरण आणि दवाखान्यातली बाळंतपणे वाढल्यावरच, २०१५ साली, भारतातून माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. सारवण जमीन घट्ट बांधते आणि धूळ दाबते, हा त्याचा खरा गुण. जंतुनाशक म्हणून त्याची शिफारस करू नये.

घरकुल योजनांमुळे हा प्रश्न खेड्यातही बराचसा संपत आला आहे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये किमान २५ चौरस मीटरचे पक्के घर आणि सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे अर्थसाहाय्य ठरले. त्या घरात फरशी आली की पोतेऱ्याच्या जागी ओला कपडा येतो. काकूंना यात काही गमावल्यासारखे वाटत नाही.

पुतणी : मग जुन्यातलं काहीच ठेवायचं नाही का?

काकू : कोण म्हणतं? चुना ठेव की. मागच्या उन्हाळ्यात गच्चीवर चुन्याचे दोन हात मारले, तेव्हापासून वरच्या खोलीत झोपता येतं.

हा उपाय स्वस्त आहे आणि परभणीच्या प्रत्येक गच्चीवर करण्यासारखा आहे. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळ्या फुटतात. तो विरून शांत होईपर्यंत झाकून ठेवायचा. मग गाळून, चिकटपणासाठी डिंक आणि चमक येण्यासाठी थोडी नीळ घालून स्वच्छ धुतलेल्या गच्चीवर ब्रशने दोनदा लावायचा. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो आणि स्लॅब कमी तापतो. पावसाने चुना धुपतो, म्हणून दर उन्हाळ्याच्या तोंडाशी नवा हात द्यावा लागतो. भिंतीला चुना देण्याची जुनी दिवाळीतली रीत फाल्गुनात गच्चीवर नेली, एवढाच यात बदल. चुना विरवताना डोळे आणि हात मात्र सांभाळावेत.

वाकळीच्या बाबतीत दोघींचे मतभेद वेगळ्या प्रकारचे आहेत. वाकळ चांगली, याबद्दल वाद नाही.

परभणी हा कापसाचा जिल्हा. मानवत, सेलू, पाथरी या गावांच्या बाजारपेठा कापसावर वाढल्या. तरीही शेतकऱ्याच्या घरात कापूस भरलेली रजई क्वचितच असे. कापूस विकायचा आणि पांघरायला जुनी वस्त्रे, असा हिशेब होता. वाकळ शिवताना सर्वांत धडधाकट लुगडे खाली अंथरतात. त्याचे कोपरे पाटा, वरवंटा, उखळ अशा जड वस्तूंनी दाबून कापड ताणून घेतात. त्यावर फाटक्या लुगड्या-धोतरांचे थर. जिथे विरलेले तिथे ठिगळ, जिथे कमी पडले तिथे तुकडा. वरून पुन्हा एक चांगले लुगडे. मग लांब सुई घेऊन कडेने धावदोरा सुरू होतो. एक बाजू संपली की वळायचे, दुसरी, तिसरी, चौथी, आणि पुन्हा पहिलीच्या बोटभर आत. असा टाका चौकोनात फिरत आत आत येतो आणि मधोमध संपतो. टाके जितके जवळ तितकी वाकळ टिकाऊ. नऊवारीच्या काठांची चौकट करून किनारीला लावणे, ठिगळांचे रंग एकाआड एक येतील असे मांडणे, एवढेच खास शोभेसाठी. पण ते कधी चुकवले जात नसे.

पुतणी : पुण्या-मुंबईत अशा गोधड्या सोफ्यावर टाकायला घेतात, भिंतीवरसुद्धा लावतात. आपल्या बायकांच्या हातात ही कला आहे. बाजार मिळाला तर टिकेल.

काकू : बाजार मिळतो गोधडीला. शिवणारीला काय मिळतं ते सांग. एक वाकळ म्हणजे आठ-पंधरा दिवसांच्या दुपारी. निंदणीला गेली तर बाईला रोज मिळतो. त्या रोजाएवढं तरी वाकळीचं दिवसाला पडतं का, ते आधी मोज.

पुतणी : घरबसल्या, फावल्या वेळात होतं ना पण.

काकू : फावला वेळ हा शब्द कोणी काढला कोण जाणे. दुपारी झोपता आलं असतं, तो वेळ होता तो.

काकूंचा हिशेब इथे जास्त खरा आहे. बायकांच्या हस्तकलांचे भाव फार वेळा सामान आणि नफा जोडून ठरतात, मजुरी त्यात धरलीच जात नाही. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी, म्हणजे बंजारा, भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि त्यामागे तांड्यांवरच्या बायकांना काम आणि मजुरी देणारी संघटित व्यवस्था आहे. जिंतूर आणि गंगाखेड तालुक्यांतल्या तांड्यांवरही आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्यांचे बंजारा भरतकाम करणाऱ्या वृद्ध बायका आहेत. त्यांचे काम अंगावर घालण्यासाठी होते, भिंतीवर लावण्यासाठी नव्हे. ते उशीच्या अभ्र्यावर आणायचे की नाही, हे त्यांनी ठरवायचे. आणायचे ठरले तर आरसा बसवायला लागणारा वेळ दरात धरलाच पाहिजे.

वाकळीपुढची दुसरी अडचण कापडाची आहे. सुती लुगडे धुऊन धुऊन मऊ होते आणि घाम टिपते. पॉलिएस्टरची साडी फाटत नाही, मऊही होत नाही, आणि तिची वाकळ उन्हाळ्यात अंगाला चिकटते. जुनी सुती वस्त्रे घरात उरली नाहीत तर कितीही प्रशिक्षण वर्ग भरवले तरी जुन्यासारखी वाकळ होणार नाही. पुतणीने यावर सुचवलेला मार्ग व्यवहारी आहे. शिंप्यांकडची सुती चिंधी आणि जुन्या सुती चादरी गोळा कराव्यात, आणि पॉलिएस्टरच्या साड्यांच्या पायपुसण्या कराव्यात.

वाखाच्या दोराचे युग मात्र संपले, हे दोघींनाही मान्य आहे. अंबाडीची भाजी पानातून, भाकरीसोबत, अजून टिकून आहे. पण कापलेल्या झाडांच्या पेंढ्या ओढ्यात दगडाखाली दडपून, दोनेक आठवडे कुजवून, साल सोलून वाख काढणारे हात आता दिसत नाहीत. त्या पाण्याचा वास काकूंना आठवतो. नायलॉनची दोरी आल्यावर कोणीच मागे पाहिले नाही. शिंके मांजरापासून दूध-दही राखण्यासाठी होते. फ्रीज आल्यावर ते झाडांच्या कुंड्या टांगायला वापरले जाते, आणि त्यात काही वावगे नाही.

सणाच्या आराशीत मात्र मते अनपेक्षित वळण घेतात. मराठवाड्यात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि भाद्रपदातले ते तीन दिवस घरसजावटीचे सर्वांत मोठे पर्व. अनुराधा नक्षत्रावर आगमन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन. पितळी किंवा मातीचे मुखवटे, धान्य भरलेल्या पत्र्याच्या कोठ्या, त्यांवर नेसवलेल्या साड्या, आणि वर दोऱ्यांनी टांगलेला करंज्या-पुऱ्यांचा फुलोरा. एकमेकींच्या महालक्ष्म्या पाहायला गावभर फिरणे होते, त्यामुळे आरास चढाओढीने केली जाते.

पुतणी : थर्माकोलचे महाल तुमच्याच पिढीनं आणले, काकू.

काकू : आणले. हलकं, पांढरंशुभ्र, हवं तसं कापता यायचं. केळीचे खांब आणा, धाटं बांधा, कागदाच्या झालरी कातरा, यापेक्षा किती सोपं. पण विसर्जनानंतर ते जाळावं तर धूर आणि टाकावं तर गाय तोंड घालते. बंदी झाली ते बरंच झालं.

महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकच्या अनेक वस्तूंबरोबर थर्माकोलवर बंदी आणली, आणि १ जुलै २०२२ पासून सजावटीचे थर्माकोल देशभर बंद झाले. बाजारात ते अजून चोरून मिळते. पण या बंदीमुळे जुन्या सामानाला खरी संधी आली आहे. बांबूच्या कामट्या, ज्वारीची धाटे, कापडी पडदे, पुठ्ठा, केळीचे खांब यांचे मखर बांधणाऱ्यांना त्या तीन दिवसांसाठी मोबदला मिळू शकतो. सणासाठी पैसा खर्च करायला परभणीतले कुटुंब एरवीही मागे पाहत नाही.

रांगोळीच्या प्रश्नावर तर दोघी जागा बदलतात. पुतणीच्या फ्लॅटच्या दारात प्लास्टिकची चिकटरांगोळी आहे. काकू आजही पहाटे उंबऱ्यापुढे हाताने रांगोळी घालतात.

पुतणी : मला वेळ नसतो.

काकू : पाच मिनिटं लागतात. सारवण सोडलं कारण ते अंगावर यायचं. ही मी माझ्यासाठी घालते. चिमूट सोडली की रेघ आपोआप बारीक येते, तेवढा हात अजून चालतो.

ही रेघ शिकायला वेळ लागतो. शिरगोळ्याची पूड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून, बोटे जमिनीपासून थोडी वर ठेवून, सारख्या गतीने सोडायची. गती थांबली की ढीग पडतो, वाढली की रेघ तुटते. काही घरांत चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रांगण काढतात. त्यात गौरीचा पाळणा, सूर्य-चंद्र, तुळशीवृंदावन, गोपद्मे, शंख, कासव अशी चिन्हे एका चौकटीत येतात. दिवाळीत खेड्यांमधून अंगणात शेणाच्या गवळणी मांडतात, त्यांना झेंडूची फुले खोचतात. यातले काहीही विकत मिळण्यासारखे नाही, आणि कष्टाच्या ओझ्याखालीही आलेले नाही. म्हणूनच या गोष्टी टिकण्याची शक्यता वाकळीहून जास्त आहे.

घराच्या मागे परसबाग येते. पुतणीला हिरवळ आणि शोभेच्या कुंड्या हव्या आहेत.

काकू : हिरवळीला पाणी कुठून आणशील? नळाला पाणी कधी येतं ते तुला माहीत आहे. आमच्या परसात न्हाणीचं पाणी जायचं, त्यावर केळ, अळू आणि कर्दळ. त्याच्या पलीकडं कढीपत्ता, शेवगा, लिंबू. कुंपणावर दोडका नाहीतर वाल. दारात तुळस आणि मोगरा. सजावट म्हणून वेगळं काही लावलं नाही, पण भादव्यात वेल फुलला की मांडव भरून जायचा.

परभणी शहराला पूर्णेवरच्या येलदरी धरणाचे पाणी आहे, तरी टंचाईचे दिवस शहराला नवे नाहीत. इथे हिरवळ हा चुकीचा निर्णय ठरतो. साबणाचे पाणी खाणारी कर्दळ, केळ आणि अळू सांडपाण्याच्या कडेला लावण्याची जुनी पद्धत आज शोषखड्ड्याच्या जोडीने सहज करता येते. फक्त इतर पालेभाज्या त्या पाण्यावर घेऊ नयेत. काळ्या मातीत कुंड्या भरताना तिच्यात निम्मे शेणखत आणि थोडी वाळू मिसळावी, नाहीतर पावसाळ्यात मुळे कुजतात आणि उन्हाळ्यात मातीचा गोळा कुंडीपासून सुटतो. राज्याच्या उमेद अभियानातल्या बचतगटांच्या बायका पोषण परसबागा लावतात, त्यांतली पिके बहुतेक काकूंच्याच यादीतली आहेत. या मुद्द्यावर पुतणीने हार मानली. मात्र बोगनवेलीची एक जागा तिने मागून घेतली, आणि तिला पाणी कमी लागते म्हणून काकूंनी ती दिली.

दोन्ही मतांचा ताळेबंद मांडला तर निवड परंपरा विरुद्ध नवेपणा अशी उरत नाही. चुना, रांगोळी, सांडपाण्यावरची परसबाग आणि धाटांचे मखर ठेवण्यासारखे आहे, कारण ते परभणीच्या उन्हाला, पाण्याला आणि खिशाला आजही जुळते. वजनदार माळवद आणि बाळंतिणीच्या खोलीतले सारवण सोडून द्यावे. वाकळ आणि भरतकाम ठेवायचे असेल तर मजुरी देऊनच. ज्यांच्या घरी किंवा शेजारी चौकोनात टाका फिरवणारी एखादी आजी आहे, त्यांनी येत्या हिवाळ्याआधी तिच्याकडून एक वाकळ शिवून घ्यावी, तिच्याजवळ बसून टाका शिकावा, आणि तिच्या दुपारींचे पैसे शेतातल्या रोजाच्या दराने मोजून द्यावेत.